जुनी मारुती ८०० घरीच दुरुस्त करायचीये, वेळ कसा काढता?

प्रश्न: बाबांची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) ८०० खूप दिवस पार्किंगमध्ये उभीये. स्वतःच चालू करायची फार इच्छा आहे पण ऑफिस, मुलीची शाळा, रविवारी पाहुणे, हात लागतच नाही. कुठून सुरू करू?

उत्तर १: अहो सबंध रविवार मिळेल म्हणून थांबू नका, मिळत नाही. रोज अर्धा तास, एकच काम. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ते चिकट होऊन कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, बुजवतं, मग कार्ब्युरेटर साफ, मग स्पार्क प्लग, तीनच तर आहेत. आणि उघडलेले नट-बोल्ट लेबल लावून डबीत ठेवा, फोटो काढा, म्हणजे आठवड्याने बसलात तरी सापडेल.

उत्तर २: सहमत, पण गाडी हलवायच्या आधी ब्रेक बघा! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ब्रेकचे सिलिंडर गंजून जाम होतात. हे रात्री दमून करायचं काम नाही, सरळ सुट्टी टाका. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

प्रश्नकर्ता: लेबलं मुलगी लावेल, तिला आवडेल. शनिवारी सकाळी पेट्रोल काढतो.

उत्तर १: मस्त! आधी बॅटरीची वायर सोडवा, आणि बेसमेंटमध्ये नको, बाहेर उघड्यावर.