चर्चा थांबवायला दोन-तृतीयांश मतं कशाला?

पीठासीन:
नगर परिषदेच्या सभेत चर्चा बंद करायला साधं बहुमत पुरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉबर्टच्या नियमांत (सभा चालवण्याची अमेरिकी नियमावली, पहिली आवृत्ती १८७६) त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. शिवाय प्रत्येक सदस्याला एका विषयावर दोनदा, दर वेळी दहा मिनिटं बोलता येतं. १५ जणांची परिषद धरा: एका ठरावावर पाच तास. त्यात उपसूचना (ठरावात बदल सुचवणारा प्रस्ताव) आली की ती स्वतंत्र विषय, घड्याळ पुन्हा शून्यावर. नऊ जण कंटाळून ‘पुरे’ म्हणाले, सहा जण अडले, तर ९ विरुद्ध ६ हे ६० टक्केच. चर्चा चालूच.

उपसूचना:
मग उलटं चित्र बघा. आठ जणांचा गट ठराव मांडतो, अनुमोदन देतो, सूचक दोन वाक्यं बोलतो आणि लगेच ‘चर्चा बंद’. साध्या बहुमतात उरलेल्या सात जणांनी तोंड उघडायच्या आत विषय संपला. निर्णय बहुमताचाच राहतो हो, दोन-तृतीयांशाची अट फक्त बोलू देण्यापुरती आहे. वेळ वाचवायचाय ना? स्थायी नियमांत लिहा: प्रत्येकी तीन मिनिटं, आणि सगळ्या इच्छुकांची एक फेरी झाल्याशिवाय कुणाला दुसरी संधी नाही. पहिली फेरी ४५ मिनिटांत आटपते.

पीठासीन:
कागदावर आटपते. अध्यक्ष स्वतःच्या गटातल्यांना ‘एवढं वाक्य पूर्ण करा’ म्हणत सात मिनिटं देतात, त्याचं काय?

उपसूचना:
घड्याळ सचिवाकडे द्या. तरीही अध्यक्ष सैल सोडत असतील तर हरकतीचा मुद्दा घ्या (नियम मोडला जातोय, असं तिथेच सांगा), निर्णय पटला नाही तर सभेकडे अपील करा. अपिलाला अनुमोदक लागतो. अध्यक्षांचा निर्णय फिरवायला विरोधात बहुमत हवं, समसमान मतं पडली तर निर्णय कायम.

इतिवृत्तवाला:
दोघंही एक गोष्ट सोडताय: दोन-तृतीयांश कशाचे? १२ हजर, ७ बाजूने, ३ विरोधात, २ तटस्थ. पडलेल्या मतांवर मोजलं तर १० पैकी ७, प्रस्ताव मंजूर. हजर सदस्यांवर मोजलं तर ८ हवेत, म्हणजे नामंजूर. रॉबर्टमध्ये मोजणी पडलेल्या मतांवर होते, पण शहराच्या कायद्यात वेगळं असेल तर कायदाच वरचढ. हे आधी लिहून ठेवा. आवाजी मतदान तर इथे घेऊच नका. हात वर करून मोजा, आकडे इतिवृत्तात टाका.

दुसरी नेहमीची चूक: कुणीतरी बसल्या जागेवरून ‘मतदानाला टाका’ ओरडतो आणि अध्यक्ष लगेच मत घेतात. तो प्रस्तावच नव्हे. आधी बोलायची परवानगी, मग प्रस्ताव, अनुमोदन, चर्चेविना मतदान, आणि तो मंजूर झाला तरच मूळ विषयावर मत. उपसूचनेवर चर्चा चालू असताना नुसतं ‘चर्चा बंद’ म्हटलं तर फक्त उपसूचनेवरची बंद होते. मूळ ठराव खुलाच राहतो. दोन्हींवरची बंद करायची तर प्रस्तावात तसं म्हणा.

पीठासीन:
तीन मिनिटं आणि सचिवाकडे घड्याळ, चालेल. पण एका ठरावाला उपसूचना किती, यावर तुमच्या नियमांत बंधन कुठंय? एका वेळी एकच मुख्य उपसूचना आणि तिच्यावर एकच दुरुस्ती, हे ठीक. एक निकाली निघाली की पुढची येतेच. दहा उपसूचना, प्रत्येकीवर ४५ मिनिटं. तिथे मला साधंच बहुमत हवंय.