मऊ डिनर रोल: तुमचा अनुभव लिहा

डिनर रोल म्हणजे जेवणाबरोबर खायचे छोटे गोल पाव. ओव्हनमधून काढल्या काढल्या सगळ्यांचेच रोल मऊ लागतात. खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. माझे पहिले कित्येक घाणे रात्री मस्त आणि सकाळी कोरडे, तोडले की भुगा. म्हणून हा धागा काढतेय. तुमच्या रोलमध्ये मऊपणा नेमका कशाने आला, कुठली एक गोष्ट बदलल्यावर फरक पडला ते लिहा, बिघडलेलंही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. माझी चूक म्हणजे वरून घातलेला मैदा. पीठ हाताला चिकटलं की मूठभर भुरभुरवायचा, परत चिकटलं की परत मूठभर, असं करत पीठ छान गुळगुळीत व्हायचं पण त्यात पाणीच पुरेसं उरायचं नाही. शिवाय मी कपाने मोजायचे. एकदा वजनकाट्यावर बघितलं तर चमच्याने हलकेच भरलेला कप साधारण १२० ग्रॅम आणि तोच डब्यात बुडवून दाबून भरला की १५०. म्हणजे चार कपांत १२० ग्रॅमचा फरक, अख्खा एक कप मैदा जास्त! आता माझं ठरलेलं प्रमाण ५०० ग्रॅम मैदा, ३३० ग्रॅम दूध, ५० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. सुरुवातीला चिकटतंच, चिकटू द्यायचं. हाताला मैद्याऐवजी बटरचं बोट लावते.

* * *

माझं यीस्टवरून चालू आहे. दोनदा पीठ अजिबात फुगलं नाही आणि मी दोन्ही वेळा यीस्ट जुनं म्हणून पाकीट फेकून दिलं. यीस्टचा दोष नव्हता, दूध उकळून पाचच मिनिटांत मी त्यात यीस्ट घालत होतो. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. आता थर्मामीटर लावतो, दूध ४० च्या आसपास आलं की अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट आणि चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवतो, वर फेसाचा जाड थर आला तरच पुढे जातो. नाही आला तर तिथेच थांबायचं, मैदा तरी वाचतो. इन्स्टंट यीस्ट असेल तर हे भिजवणं लागत नाही, सरळ मैद्यात मिसळता येतं, आणि तेही अ‍ॅक्टिव्हच्या पाऊणपट पुरतं.

* * *

तांगझोंग. मी एवढंच सांगेन की एकदा करून बघा. पूर्व आशियातल्या मऊ दुधाच्या ब्रेडमध्ये वापरतात ती पद्धत आहे, पण डिनर रोलला इतकी लागू पडते की आता त्याशिवाय मी करतच नाही. एकूण मैद्यातलाच २५ ग्रॅम मैदा आणि एकूण दुधातलंच १२५ ग्रॅम दूध (एकास पाच) पातेलीत घेऊन मंद आचेवर सतत ढवळायचं, साधारण ६५ अंशांना ते एकदम दाटतं, ढवळताना चमच्यामागे पातेलीचा तळ दिसायला लागतो आणि रेघ क्षणभर तशीच राहते, तिथे गॅस बंद. गार करून बाकीच्या पिठात. होतं काय की शिजलेला स्टार्च कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पीठ हाताला फार ओलं न लागताही आत पाणी जास्त असतं आणि भाजल्यावरही ते टिकतं. तुम्ही दुसऱ्या दिवशीचं विचारलंत ना, माझे तिसऱ्या दिवशीही दाबले की परत वर येतात.

* * *

मनगटं दुखतात म्हणून मी यीस्टचं काही करायचंच सोडलं होतं. सगळीकडे पंधरा मिनिटं मळा, वीस मिनिटं मळा. मग हळूहळू लक्षात आलं की निम्मं काम वेळच करतो. आता मैदा, दूध, साखर, यीस्ट नुसतं एकत्र करून झाकून अर्धा तास ठेवते. मग मीठ घालून चारपाच मिनिटं मळते, परत दहा मिनिटं झाकते आणि बटर शेवटी, मऊ केलेलं, तीन भागांत. बटर आधीच घातलं तर ते मैद्याला माखतं आणि ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारी जाळी, तयार व्हायला उशीर लागतो. बटर घातल्यावर एकदा सगळं फाटल्यासारखं, घसरडं, विचित्र दिसतं. तिथे घाबरून मैदा घालू नका! दोन मिनिटांत ते परत एकजीव होतं. मळून झालंय का ते बघायला लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळू ताणायचा, पापुद्र्यापलीकडे बोटांची सावली दिसली आणि पापुद्रा फाटला नाही की झालं. पहिल्यांदा ती सावली दिसली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती.

* * *

घड्याळाकडे बघणं सोडा, पिठाकडे बघा. रेसिपीत एक तास लिहिलंय म्हणून मी उन्हाळ्यातही एक तास आणि कडाक्याच्या थंडीतही एक तासच ठेवायचो. थंडीत रोल घट्ट, उन्हाळ्यात ओव्हनमध्ये गेल्यावर बसलेले आणि आंबूस वास. आता सरळ उभ्या बरणीत पीठ ठेवून बाहेरून रबरबँड लावतो, दुप्पट झालं की झालं, मग चाळीस मिनिटं लागोत नाहीतर दोन तास. गोळे ट्रेमध्ये लावल्यावर मात्र बोटानेच कळतं. बोट ओलं करून हलकं दाबायचं, खड्डा लगेच भरला तर थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला, तसाच राहिला तर उशीर झालाय.

गोळे वळताना ओटा कोरडा ठेवा, मैदा अजिबात नको. गोळ्यावर हाताची वाटी करून गोल फिरवलं की खालची बाजू ओट्याला किंचित चिकटते आणि वरची कातडी ताणली जाते. मैदा टाकला तर गोळा नुसता घसरतो. ५० ग्रॅमचा एक असे वजन करून घेतो, नाहीतर छोटे कोरडे आणि मोठे कच्चे.

* * *

वरचं सगळं मी करत होते तरी कोरडे! शेवटी ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला तर १८० लावल्यावर आत २००. आता कमी लावते, साधारण वीस मिनिटं, आणि मधल्या रोलमध्ये सुई घालून ९० अंश आले की बाहेर. वरचा रंग बघून अजून पाच मिनिटं ठेवू म्हटलं की गेलाच तो घाणा. बाहेर काढल्या काढल्या बटरचा ब्रश, आणि पाच मिनिटं स्वच्छ कापड झाकून, त्या वाफेने वरची कातडी मऊ होते.

* * *

निम्मं गव्हाचं पीठ घालून कुणी केलेत का? माझे दोनदा विटा झाल्या.

* * *

मी करते. कोंडा पाणी सावकाश पितो, म्हणून दूध तीनचार चमचे जास्त घालून भिजवल्यावर अर्धा तास तसंच ठेवा, मगच मळा. मैद्याइतके फुगणार नाहीत, पण विटा होणार नाहीत. आधी पाव भाग घालून बघा आणि मग वाढवा.

* * *

धागा काढणारी परत आलेय. तांगझोंग काल रात्री करून बघितलं. तळ दिसण्याची खूण अगदी बरोबर निघाली, थर्मामीटर लागलाच नाही. एक राहिलं होतं ते लिहिते. उरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिजच्या गारव्यात स्टार्च लवकर कडक होतो आणि रोल बाहेरच्यापेक्षा आधी शिळे लागतात. त्या दिवशी संपणार नसतील तर पूर्ण गार करून हवाबंद पिशवीत थेट फ्रीझरमध्ये, आणि लागतील तेव्हा फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये १५० ला दहापंधरा मिनिटं. कालचे मात्र फ्रीझरपर्यंत पोचले नाहीत. सकाळी झाकण उघडलं तर दोनच शिल्लक होते, एक मधून फाडला, लांब लांब धागे सुटत गेले आणि चुरा एक कणभर पडला नाही.