अमेरिकन यादवीत जर्मन आणि ज्यू स्थलांतरितांनी खरंच काही ठरवलं का?

नदीकाठ (धागाकर्ता)
अमेरिकन यादवी युद्धावर (१८६१-६५, गुलामीसाठी फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं विरुद्ध उत्तर) मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात लिंकन, ग्रँट, ली यांच्यापलीकडची माणसं क्वचितच येतात. माझं मत असं, की मिसूरी हे गुलामी असलेलं राज्य उत्तरेकडे टिकलं ते मुख्यतः सेंट लुइसच्या जर्मनांमुळे. जर्मनीतली १८४८ ची क्रांती फसल्यावर परागंदा झालेले कितीतरी जण तिथे येऊन राहिले होते. मायदेशी राजेरजवाड्यांशी लढलेली ही माणसं, गुलामांच्या जिवावर जगणाऱ्या मळेवाल्यांना ती मान तुकवणार नव्हती. गव्हर्नर क्लेबॉर्न जॅक्सन दक्षिणेकडे झुकलेले आणि शहरातल्या शस्त्रागारात हजारो बंदुका. १० मे १८६१ ला उत्तरेच्या फौजेतल्या कॅप्टन नॅथॅनियल लायननं मुख्यतः जर्मन स्वयंसेवकांच्या पलटणी घेऊन राज्याच्या मिलिशियाची (नागरिकांच्या फौजेची) छावणी, म्हणजे कॅम्प जॅक्सन, वेढली आणि तिला शरण यायला लावलं.

ज्यू त्या मानानं मूठभर, देशभरात दीड लाखाच्या आसपास. तरी १७ डिसेंबर १८६२ ला उत्तरेच्या जनरल ग्रँटनं कापसाच्या चोरट्या व्यापाराचं खापर सबंध समाजावर फोडून ज्यूंना आपल्या लष्करी विभागातून हद्दपार करायचा हुकूम काढला, तेव्हा केंटकीतल्या पडुका गावचा सीझर कॅस्केल, मूळचा प्रशियाचा, तडक वॉशिंग्टनला गेला. ३ जानेवारी १८६३ ला तो लिंकनना भेटला आणि आठवड्याच्या आत हुकूम रद्द झाला. ऐन युद्धात सेनापतीचा हुकूम एका व्यापाऱ्याच्या गाऱ्हाण्यावरून फिरला. याला प्रभाव नाही तर काय म्हणायचं?

कारणमीमांसक
मिसूरीबद्दल पूर्ण असहमत. मार्च १८६१ मध्येच तिथल्या निवडून आलेल्या अधिवेशनानं फुटून निघायला नकार दिला होता. त्यातले बहुतेक प्रतिनिधी जर्मन नव्हते. कॅम्प जॅक्सननंतर काय झालं तेही लिहा. कैद्यांना शहरातून नेताना जमावावर गोळीबार झाला, पंचवीसहून जास्त माणसं मेली, त्यात बायका-मुलंही होती. ज्या अधिवेशनानं फुटायला नकार दिला त्याचे अध्यक्ष स्टर्लिंग प्राइस, तेच यानंतर गव्हर्नरांच्या बाजूला गेले. पुढे युद्ध संपेपर्यंत त्या राज्यात गावोगाव टोळीयुद्ध चाललं. आणि जर्मनांना संघटित करणारा फ्रँक ब्लेअर इथलाच, केंटकीत जन्मलेला मुरब्बी पुढारी. त्यानं पटावरची मोहरी हलवली, श्रेय तुम्ही मोहऱ्यांना देताय.

नदीकाठ
मोहरी स्वतःच्या मतानं चालत नाहीत हो. ऑगस्ट १८६१ मध्ये उत्तरेच्या जनरल फ्रीमाँटनं मिसूरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याची घोषणा केली आणि लिंकननी ती फिरवली. तेव्हा ब्लेअर फ्रीमाँटच्या विरोधात गेला, जर्मन मात्र फ्रीमाँटमागे उभे राहिले. मे १८६४ मध्ये क्लीव्हलंडला राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकनविरुद्ध फ्रीमाँटची उमेदवारी जाहीर झाली, त्यातही मिसूरीच्या जर्मनांचा पुढाकार होता. सप्टेंबरात फ्रीमाँटनं माघार घेतली आणि लगेच दुसऱ्या दिवशी लिंकननी फ्रँकचा भाऊ, पोस्टमास्टर जनरल (टपाल खात्याचा मंत्री) माँटगोमेरी ब्लेअर, याचा राजीनामा घेतला.

वाळवंटातली_वाट
'ज्यूंचा प्रभाव' असं एकवचनी कसं म्हणता? जानेवारी १८६१ मध्ये न्यूयॉर्कचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मॉरिस राफॉल यांनी बायबलात गुलामीला आधार असल्याचं प्रवचन दिलं. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न, जन्मानं बव्हेरियन, त्यांनी गुलामीराज्यात राहून त्याचा जाहीर प्रतिवाद केला आणि एप्रिलमधल्या दंगलीत कुटुंबासह त्यांना शहर सोडावं लागलं. तिकडे दक्षिणेच्या मंत्रिमंडळात ज्यूडा बेंजामिन हे ज्यू मंत्री होते! मला मात्र आइनहॉर्न फार मोठे वाटतात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांत अशी माणसंही येतात. आपल्याकडे त्यांची नावं माहीत व्हायला हवीत.

कारणमीमांसक
आइनहॉर्न यांच्या धैर्याबद्दल दुमत नाहीच. पण धैर्य म्हणजे प्रभाव नव्हे, त्यांना गाव सोडावं लागलं. टेक्ससचे जर्मन घ्या. तेही गुलामीविरोधी, तेही संघराज्याशी निष्ठावंत. १० ऑगस्ट १८६२ ला न्वेसेस नदीकाठी, मेक्सिकोकडे निघालेल्या त्यांच्या तुकडीवर दक्षिणेच्या घोडदळानं हल्ला केला आणि जखमी होऊन हाती लागलेल्यांनाही ठार मारलं. जर्मन तेच, मतं तीच. सेंट लुइसमध्ये पाठीशी सरकारी फौज होती, एवढाच फरक.

नदीकाठ
लायनकडे नियमित सैनिक होते किती? काहीशे. बाकी पलटणी स्थलांतरितांनीच भरल्या, म्हणजे ज्या फौजेच्या बळाबद्दल तुम्ही बोलताय ती बहुतांशी तेच होते. ग्रँटचा हुकूम का रद्द झाला, याचा खुलासा करताना उत्तरेचे सरसेनापती जनरल हॅलेक यांनीही हेच लिहिलं होतं, की ज्या समाजावर हा हुकूम निघाला, त्यातले काही जण आपल्याच सैन्यात लढत आहेत.