मदत हवी आहे: डर्बीच्या तिकिटाचा भाव पक्का कसा करायचा? (रविवारच्या आत)

ठाणेकर
नमस्कार मंडळी. रविवारी डर्बी आहे, म्हणजे घोड्यांची वर्षातली मोठी शर्यत, उत्तर आजच हवंय. मागे एकदा तिकीट काढलं तेव्हा बोर्डावर 6 नंबरच्या घोड्याला 48 दिसत होते, म्हणजे 10 रुपयांना 48. घोडा जिंकला. पैसे घ्यायला गेलो तर 31 च्या हिशोबाने हातावर टेकवले. खिडकीवरच्या माणसाला विचारलं तर "फायनल तेवढंच आहे" म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. या वेळी असं होऊन चालणार नाही. तिकीट काढताना दिसतो तोच भाव मिळावा यासाठी काय करायचं? नेमकं सांगा. खेळू नका वगैरे सल्ले नकोत.

टेम्सकाठी
कुठली डर्बी? मी इंग्लंडमध्ये असतो. इथली एप्समची डर्बी जूनच्या पहिल्या शनिवारी असते, 1780 पासून चालू आहे. इथे बुकमेकरकडे, म्हणजे स्वतः भाव लावून पैजा घेणाऱ्याकडे, कित्येक महिने आधी भाव घेता येतो. त्या दिवशी जो भाव घेतला तोच मिळतो, पुढे घोडा फेव्हरिट झाला तरी. पण इतक्या आधी पैसे लावले आणि घोडा धावलाच नाही, तर पैसे गेले, परत मिळत नाहीत. एप्समला उतारावरचं वळण आहे, टॅटनहॅम कॉर्नर म्हणतात त्याला. तिथे तोल सांभाळणारा घोडाच बघावा. नुसता वेग कामाचा नाही.

ठाणेकर
अहो, महालक्ष्मीची. फेब्रुवारीत रविवारी दुसरी कुठली असणार?

पॅडॉकवाला
पहिला प्रश्न: टोट की बुकी, म्हणजे क्लबच्या खिडकीवर काढलं की बुकमेकरकडे? दुसरा: विन की प्लेस, म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा की पहिल्या काहींत आला तरी चालेल? हे सांगितल्याशिवाय कुणीही काय उत्तर देणार?

ठाणेकर
खिडकीवर काढलं. छापील तिकीट मिळालं. घोडा पहिला यावा म्हणून काढलं होतं, म्हणजे विनच ना.

निशिगंध
तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते. आमच्या शेजारच्या घरात रेसच्या नादापायी दोन खोल्या विकल्या गेल्या. 48 मिळाले की 31, यापेक्षा ते पैसे घरात राहिले असते तर बरं झालं असतं.

जुना_पुणेकर
निशिगंधताई, तुमचा अनुभव खरा असेल, पण रेस म्हणजे मटका नाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. घोडा, वजन, अंतर, जॉकी, मैदान, सगळ्याचा अभ्यास करावा लागतो. आम्ही जुलैपासून पुण्याचा सीझन बघतो, मग मुंबईचा. रेसचं कार्ड, म्हणजे घोड्यांची छापील माहिती, वाचायलाच तासभर लागतो.

निशिगंध
न्यायालयाने कौशल्य म्हटलं म्हणून गेलेल्या खोल्या परत येत नाहीत. माझं मत मी सांगितलं.

पॅडॉकवाला
ठाणेकर, खिडकी आणि छापील तिकीट म्हणजे तुम्ही टोटवर खेळलात. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही, ते आधी मनातून काढा. टोटवर भाव ठरलेला नसतोच. बोर्डावरचा आकडा म्हणजे त्या क्षणापर्यंत जमलेल्या पैशांचा हिशोब. घोडे सुटायचं गेट उघडेपर्यंत तो हलत राहतो.

कल्पनेतले आकडे घेऊन सांगतो. विनच्या पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पैशांच्या एकत्र साठ्यात, एक लाख जमले. कर आणि रेस भरवणाऱ्या क्लबचा वाटा वजा जाऊन 80,000 उरले असं धरा. तुमच्या 6 नंबरवर त्यातले 16,000 लागलेत. 80,000 भागिले 16,000 म्हणजे 5, म्हणजे 10 रुपयांना 50. बोर्डावर 50 दिसणार. आता शेवटच्या काही मिनिटांत आणखी एक लाख आले आणि त्यातले 24,000 एकट्या 6 नंबरवर आले. पूल दोन लाख, वाटायला 1,60,000, आणि 6 नंबरवर 40,000. भागाकार 4. आता 10 रुपयांना 40. तिकीट तुम्ही 50 दिसत असताना काढलं असलं तरी मिळणार 40 च.

तुमच्या घोड्यावर शेवटी पैसा पडला, म्हणून 48 चे 31 झाले. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागी, घोडा बघून लोक शेवटी खिडकीवर धावतात, तेव्हा हे होतंच.

ठाणेकर
हे कळलं, धन्यवाद. पण मला उपाय हवाय. शेवटच्या क्षणी तिकीट काढू का?

पॅडॉकवाला
नाही. तुमच्यासारखेच सगळे शेवटच्या क्षणी काढतात, म्हणून तर आकडा उडतो. डर्बीला रांगा एवढ्या असतात की तिकीट हातात येण्याआधी रेस सुटायची. भाव पक्का हवा तर बुकींच्या रिंगमध्ये जा. परवाना असलेले बुकी तिथे पाटीवर भाव लिहून बसतात. पैज लावली की त्या क्षणीचा भाव तुमच्या नावावर लागला. नंतर तो वर जावो नाहीतर खाली. कागद हातात आला की घोड्याचं नाव आणि भाव तिथेच वाचून घ्या, मगच बाजूला व्हा.

वंशावळ
भावाच्या मागे लागण्यापेक्षा घोडा बरोबर निवडा. डर्बी 2400 मीटरची. गिनीज या डर्बीआधीच्या मोठ्या रेस, त्यांची अंतरं 1600 मीटर. बहुतेक घोडे डर्बीपर्यंत एवढं लांब धावलेलेच नसतात. गिनीजला दोन लांबींनी जिंकलेला घोडा शेवटच्या 300 मीटरला पाय ओढायला लागतो, हे मी कैकदा पाहिलंय. म्हणून मी आधी घोड्याचा बाप आणि आजोबा बघतो, म्हणजे आईचा बाप. लांब पल्ल्याचं रक्त दोन्हीकडून हवं. फॉर्म नंतर.

जुना_पुणेकर
वंशावळ, तुम्ही दर डर्बीला हेच लिहिता. रक्त कागदावर असतं, रेस मैदानावर. डर्बीत जॉकी बघा. पेसी श्रॉफनी जॉकी म्हणून डर्बी मारली, मग ट्रेनर म्हणूनही मारली. एवढ्या गर्दीत घोडा कधी रोखायचा आणि कधी सोडायचा, हे ज्याला कळतं त्याच्यामागे मी जातो.

वंशावळ
जॉकी चांगला असला तरी दमलेल्या घोड्यात तो दम कुठून आणणार? आणि फिलींना, म्हणजे तरुण घोड्यांना नव्हे, तरुण घोडींना, विसरू नका. त्यांना वजनात सूट असते. पहिली इंडियन डर्बी 1943 साली झाली, ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलने जिंकली, ती फिलीच. 2010 ला जॅकलिन, तीही फिली.

टेम्सकाठी
इथे डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची असते. तिकडे किती?

जुना_पुणेकर
इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची.

करसल्ला
एक वेगळाच मुद्दा, विचारला नाही तरी सांगतो. एका पैजेत 10,000 च्या वर जिंकलात तर देतानाच 30 टक्के टीडीएस कापतात, पॅन द्यावा लागतो. त्याच दिवशी बाकीच्या रेसमध्ये हरलेले पैसे जिंकलेल्यातून वजा करता येत नाहीत. शिवाय पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. जुलै 2017 पासून 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40. जिंकलेल्यावर नाही, लावलेल्या रकमेवर. माझ्या मते हा दर रेसिंगचा गळा दाबणारा आहे आणि खेळणाऱ्यांना बेकायदा बुकींकडे ढकलणारा आहे.

ठाणेकर
टीडीएसचं इथे काय? मला फक्त भाव विचारायचा होता.

मैदानप्रेमी
या निमित्ताने लिहितो. महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेच्या उद्यानासाठी गेले, क्लबकडे 91 राहिले. मैदान 1883 पासूनचं आहे. मी तिथे रोज सकाळी चालायला जातो. झाडं वाचली आणि धावपट्टी राहिली तर माझी उद्यानाला हरकत नाही. पण खाली गाड्यांचा तळ आणि वर बाग, हे मला पटत नाही.

पॅडॉकवाला
मैदानप्रेमी, जागेचा वेगळा धागा काढा, मीही येतो. इथे या माणसाला रविवारी पैसे लावायचेत.
ठाणेकर, किती लावणार? आणि विनच लावायचं असं का ठरवलंय?

ठाणेकर
आकडा इथे सांगत नाही, पण पैसे माझ्या एकट्याचे नाहीत. ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढलीय, दर वर्षी काढतो. तिकीट माझ्या हातात असतं. मागच्या वेळी 48 चे 31 कसे झाले हे मला कुणाला पटवता आलं नाही. एकजण अजून नीट बोलत नाही. म्हणून या वेळी भाव लिहून हवाय.

करसल्ला
बघा, आता टीडीएसचं काम आलं. वर्गणीची पैज एकाच कागदावर लागली आणि 10,000 च्या वर जिंकली, तर कर तुमच्या एकट्याच्या पॅनवर कापला जाईल. उत्पन्न तुमचं दिसेल, वाटणी मात्र मित्रांमध्ये. त्यांना आधीच सांगा की कर कापून उरेल ते वाटायचं. नाहीतर या वेळी आणखी एकजण बोलायचा बंद होईल.

ठाणेकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. आजच ग्रुपवर टाकतो.

पाचही_घोडे
वर्गणी आहे तर जॅकपॉट खेळा ना, ओळीने पाच रेसचे विजेते ओळखायचे! एकट्याला परवडत नाही म्हणूनच तर लोक वर्गणी काढतात. प्रत्येक लेगला, म्हणजे त्यातल्या प्रत्येक रेसला, दोन-तीन घोडे घ्यायचे आणि जुळवायचं. विनचा भाव 48 की 31, त्याच्याशी मग तुमचा संबंधच नाही.

पॅडॉकवाला
जॅकपॉट हा पण पूलच आहे, बाबा. त्याचाही डिव्हिडंड, म्हणजे हातात पडणारी रक्कम, शेवटीच कळतो. त्यांना भाव लिहून हवाय आणि तुम्ही त्यांना आणखी मोठ्या पूलमध्ये टाकताय.

पाचही_घोडे
पण लागला तर लागतो!

दुसरी_मुंबईकर
माझ्या भावाने फोनवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून डर्बीला पैसे लावले होते. ते चालेल का? घरबसल्या होतं.

करसल्ला
अजिबात नको. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये आला. अनोळखी अ‍ॅपवर पैसे गेले तर दाद कुठे मागणार? मैदानावर जा, परवाना असलेल्या माणसाकडून कागद घ्या.

पॅडॉकवाला
ठाणेकर, रिंगमध्ये जाण्याआधी दोन गोष्टी. पहिली, ज्याच्यावर बराच पैसा लागलाय असा एखादा घोडा ऐनवेळी मागे घेतला, तर उरलेल्या घोड्यांच्या भावात बुकी कपात करतात. ही कपात नियमाने होते, पण मित्रांना आधी सांगून ठेवा. लिहिलेला भावही अशा वेळी खाली येऊ शकतो. दुसरी, कार्डावर घोड्याचा नंबर वेगळा आणि गेटचा नंबर वेगळा असतो. पैज कार्डावरच्या नंबराची. "6 द्या" म्हणताना तो कुठला 6 आहे ते बघा, आणि जमलं तर नावच सांगा.

ठाणेकर
मग एकाच बुकीकडे सगळे लावू का?

पॅडॉकवाला
आधी रिंगमध्ये एक चक्कर मारा. एकाच घोड्याला एकाकडे जास्त भाव असतो, दुसऱ्याकडे कमी. चांगला दिसेल तिथे लावा. सगळे पैसे एकदम काढू नका. अर्धे लावा, थोडं थांबा. तुमच्या घोड्याचा भाव खाली यायला लागला तर उरलेले लगेच लावा. वर चालला असेल तर पॅडॉकजवळ जाऊन घोडा डोळ्यांनी बघून या. मानेवर, मांड्यांच्या मधे घामाचा फेस असेल, हिसके देत असेल, तर उरलेले खिशातच ठेवा.

वंशावळ
घाम फेब्रुवारीत दुपारी सगळ्यांनाच येतो. त्यावर जाऊ नका.

पॅडॉकवाला
घाम सगळ्यांना येतो, फेस नाही. तुम्ही कागदावर घोडे बघता, मी कठड्यापाशी उभा राहून बघतो.

ठाणेकर
ठीक. अर्धे रिंगमध्ये लवकर लावतो, अर्धे पॅडॉक बघून. भाव लिहिलेल्या कागदाचा फोटो तिथूनच ग्रुपवर टाकतो, म्हणजे प्रश्नच नको. कर आणि कपातीचं आज रात्री सगळ्यांना कळवतो. घोडा कुठला ते सोमवारी सांगेन.

पाचही_घोडे
सोमवारी सांगून काय उपयोग, आत्ता सांगा की!