२९ जून २०२० च्या बंदीत टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप गेली तेव्हा तुमचं काय गेलं? (अनुभव धागा)

चिंचगूळ
काल पणत्यांचा डबा शोधायला माळ्यावर चढले आणि हातात आला माझा जुना फोन. मागचं झाकण जरा उचललेलं, पण चार्जरला लावून अर्ध्या तासाने उघडला. गॅलरीत नणंदेचे १७ व्हिडिओ. टिकटॉकचे. ती खूण आठवते ना, आधी वरच्या कोपऱ्यात, मग टुणकन खालच्या कोपऱ्यात उडी मारणारी? तीच, आणि खाली नणंदेचं आयडी. एकात ती बांधावर बसून ठसक्यात डायलॉग म्हणतेय आणि मागे शेळी तिच्या पदराचं टोक चघळतेय. हिला पत्ताच नाही. शेवटी पदर ओढला जातो, ती वळून शेळीला सणसणीत शिवी घालते (ती डायलॉगमधली नाही, स्वतःची) आणि व्हिडिओ संपतो.

नणंद बार्शीकडे असते. शाळा नववीत सुटली, मग लग्न, मग शेत. ३० जून २०२० ला संध्याकाळी तिचा फोन आला. माऊलींच्या पादुका त्या दिवशी एसटीतून पंढरपूरला निघालेल्या, पायी वारी नव्हतीच त्या वर्षी, आम्ही टीव्हीसमोर तेच बघत बसलेलो. "वैनी, माझं नेट गेलंय का बघा की." नेट गेलेलं नव्हतं. सांगितलं, सरकारने बंद केलं गं, चीनचं होतं ना ते. जरा वेळ काही बोलली नाही. मग, "आन् माझी माणसं?" ११ हजार होती तिची माणसं.

आता खरं सांगायचं ते. आदल्या रात्री बातमी आल्या आल्या मी स्टेटस ठेवलं होतं, "बरं झालं, कचरा गेला." बघणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं, वेळ १०:४०. तेव्हा तिला कळलं नसेल कशाबद्दल आहे. नंतर कळलंच असणार. तिने आजवर त्यावर एक शब्द काढलेला नाही. मीही नाही.

तुमच्याकडे त्या रात्री काय झालं, लिहा. राजकारण बेताने.

रिकामटेकडा
आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एका साहेबांनी बंदीची यादी टाकली. प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, परत स्कॅन करून. खाली कोपऱ्यात 'स्कॅन्ड बाय कॅमस्कॅनर'. यादीत कॅमस्कॅनर होतंच. कोणाची बोलायची हिंमत झाली नाही.

गोदाकाठ
धाग्याचं नंतर. झाकण उचललेला फोन चार्जिंगला लावलात?? बॅटरी फुगलीये ती. आधी फोन चार्जरवरून काढा.

चिंचगूळ
काढला काढला. पण व्हिडिओ कसे काढू त्यातून?

गोदाकाठ
थोडी बॅटरी शिल्लक असेल तर चालू करून ब्लूटूथने पाठवा. चार्जर लावून नको. आणि उशाशी ठेवून झोपू नका.

दुपारची झोप
शेअरइट असतं तर दोन मिनिटांचं काम होतं 😄 तेही गेलं त्याच यादीत. हॉस्टेलवर अख्खे सिनेमे फिरायचे त्यातून, रेंज नसली तरी. एकाच्या फोनमध्ये आला की रात्रीत ४० फोनमध्ये. यूसी ब्राउझरही गेलं. त्याचं मात्र मलाही वाईट वाटलं नाही, उघडलं की स्कोअरच्या आधी भलत्याच बातम्या.

फौजीची बहीण
मी वेगळं लिहिणार आहे, राग आला तर येऊ द्या. १५ जूनला गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली तेव्हा माझा भाऊ लेहला होता. चार दिवस फोन नाही. आई देवापुढून उठत नव्हती. २० जवान गेल्याचं कळलं, नावं यायला वेळ लागला, आणि तो वेळ कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. त्या आठवड्यात कुणी माझ्यासमोर भाषणस्वातंत्र्य म्हणालं असतं तर चप्पल काढली असती. आजही अर्धी काढतेच.

भाऊ सुखरूप आहे. २९ तारखेला रात्री वडिलांनी स्वतःच्या हाताने ती ॲप उडवली, एकेक करत, मोठ्याने नाव वाचत. ज्या फोनवरून उडवली तो फोनही चिनीच होता, ते त्यांना मी दोन महिन्यांनी सांगितलं.

बेंजोवाला
ताई राग कशाचा, तुमचं बरोबर आहे. पण आमचंही ऐका.

आमची बेंजो पार्टी, धुळ्याकडची. हळदीत, वरातीत वाजवायचो. पोरांनी मला न विचारता व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, मी ओरडलो होतो, वाजवायचं सोडून मोबाईल काय धरता. तर २०१९ च्या सीझनला शिरपूर, नंदुरबार, पार सेंधव्याहून सुपाऱ्या आल्या. व्हिडिओ बघून! आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तारीख नाही म्हणून सुपारी परत केली.

मग लॉकडाऊन, लग्नं बंद. पोरं घरात बसून वाजवायची आणि टाकायची, तेवढाच विरंगुळा. आणि जूनला तेही गेलं. बंद केलं त्याचं दुःख नाही, देशाचं काम आहे. दोन दिवस आधी सांगितलं असतं तर व्हिडिओ उतरवून घेतले असते. आमचा कीबोर्डवाला त्याच वर्षी वारला, कोरोनात. त्याची बोटं वाजवताना दिसतील असा एक व्हिडिओ नाही आमच्याकडे. सगळे तिकडेच होते.

चिंचगूळ
दादा, काय लिहू. वाचून बसले नुसती.

रिकामटेकडा
🙏

चौथा बाक
कुणाच्या घरी व्हॉट्सॲपवर आला असेल का एखादा? लोक स्टेटसला ठेवायचे. गावच्या ग्रुपवर विचारून बघा, जुन्या फोनमध्ये निघतात. वर निघालेच की १७.

बेंजोवाला
विचारतो. नवरदेवांकडे असेल कुणाच्या तरी.

पोराची आई
आमच्याकडे जूनला काहीच नाही, खरं सुतक २ सप्टेंबरला. ११८ ॲप गेली त्यात पबजी होतं. मी साखर वाटणार होते, सासूबाई म्हणाल्या पोर जेवत नाहीये तुला काय सुचतंय. पुढच्या वर्षी जुलैत तेच नाव बदलून आलं, २०२२ ला परत बंद, २०२३ ला परत सुरू. सरकारचं आणि माझं एकच, रागावून काढून घ्यायचं, चार दिवसांनी परत द्यायचं.

काळा कोट
धाग्याला धरून आहे की नाही ठरवा. मी पालघरचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मी बारावीत होतो. मुंबई बंदवर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने फक्त लाइक केलं, दोघींना अटक. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींची खाती त्या आठवड्यात घरच्यांनी बंद करायला लावली. बहिणीचं खातं मी माझ्या हाताने बंद केलं, बाबांनी शेजारी उभं राहून करवून घेतलं. मी पुढे कायद्याकडे वळलो त्याचं एक कारण ते.

त्यातूनच पुढे २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ६६अ कलम, ज्याखाली अशा पोस्टवरून अटक व्हायची, ते रद्द केलं. पेढे वाटले आम्ही. पण त्याच निकालात ६९अ, म्हणजे सरकारला साइट-ॲप बंद करू देणारं कलम, कायम राहिलं, कारण त्यात म्हणे लेखी कारणं द्यावी लागतात, समिती असते. ही ५९ ॲप गेली ती याच ६९अ खाली. आणि २००९ च्या नियमांत एक सोळावा नियम आहे, सगळी कार्यवाही गोपनीय. म्हणजे कारणं लिहायची आणि कपाटात ठेवायची. आम्हाला दिसलं ते पत्रक आणि यादी.

चीनचं ॲप बंद करू नका असं मी म्हणत नाही. माहिती कुठे जाते हा प्रश्न खराच आहे. पण हेच कलम उद्या इथल्याच एखाद्याच्या खात्यावर लागतं, लागलेलंही आहे, तेव्हा कागद कुठे मागायचा?

स्पष्टवक्ता
वकीलसाहेब, चीनमध्ये फेसबुक २००९ पासून बंद आहे. तिकडे जाऊन कागद मागा.

काळा कोट
म्हणजे आपण त्यांच्यासारखं व्हायचं, हा मुद्दा आहे का तुमचा?

स्पष्टवक्ता
मुद्दा असा की २०२० च्याच मे महिन्यात तुम्ही आम्ही सगळ्यांनीच एकेक तारा देऊन टिकटॉकचं रेटिंग पाडलं होतं. मी तर तारा देण्यासाठी उतरवून घेतलं, तारा दिला, काढून टाकलं. तेव्हा कुणाला स्वातंत्र्य आठवलं नाही.

काळा कोट
अहो एक तारा देणं हेच तर स्वातंत्र्य!

स्पष्टवक्ता
बरं, हा तुमचा. 😀

लाजरी
कचरा म्हणणाऱ्यांत मीही होते. हसायचो आम्ही, शेतातल्या बायका, रंगवलेले केस, ट्रॅक्टरवरचे नाच. मग ८ जुलैला त्यावेळच्या "सभ्य" ॲपमध्ये, इन्स्टाग्रामवर, तसलेच छोटे व्हिडिओ सुरू झाले आणि महिन्याभरात माझी बॉस तेच करत होती, ऑफिसच्या गच्चीवर. तेव्हा कुणी कचरा म्हणालं नाही.

मावशी डोंबिवली
माझ्या मुलाचं राहिलंच. तो चीनमध्ये एमबीबीएसला. कोरोना सुरू झाला तेव्हा घरी आलेला, क्लास ऑनलाइन. वर्गाचा ग्रुप, सरांच्या सूचना, परीक्षेच्या तारखा, सगळं वीचॅटवर. जुलैत एका सकाळी उठला तर खात्यातून बाहेर काढलेलं. परत आत जाता येईना. त्याचा एक नेपाळी वर्गमित्र होता, तो प्रत्येक सूचनेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. दीड वर्षं. न चुकता. मी त्या मुलाला अजून पाहिलेलं नाही पण दिवाळीला फराळाची आठवण त्याची निघतेच.

गंमत पुढे आहे. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५, नेपाळ सरकारनेच २६ ॲप बंद केली. फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप. हा मुलगा आता काठमांडूत. माझा मुलगा मेसेज टाकतोय, एकच टिक. आणि टीव्हीवर रस्त्यावरची पोरं, ८ तारखेला १९ जण गेले गोळीबारात. रात्री बंदी उठवली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. तिसऱ्या दिवशी दोन टिका आल्या. "मम्मीला सांग मी ठीक आहे. टिकटॉक चालू होतं, त्यावर शोधायला हवं होतंस." टिकटॉकने तिथे नोंदणी केलेली म्हणून ते वगळलं होतं. माझ्या मुलाने इथे कुठून शोधायचं?

फौजीची बहीण
मावशी, ती एक टिक मला माहितीये. चार दिवसांची.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत टिकटॉक १८ जानेवारी २०२५ ला रात्री बंद झालं, आदल्या दिवशी इथल्या सुप्रीम कोर्टाने बंदीचा कायदा कायम ठेवलेला. मुलगी रडून रडून झोपली. मी म्हटलं, अगं भारतात साडेचार वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसेपर्यंत परत सुरू. आता मला म्हणते, डॅड तुमच्याकडचं का नाही आलं परत?

दुपारची झोप
इथे एप्रिल २०१९ मध्येही प्ले स्टोअरवरून गेलं होतं की दोनेक आठवडे, मद्रास हायकोर्टामुळे. तेव्हा परत आलं. म्हणूनच २०२० ला कुणी व्हिडिओ उतरवून घेतले नसतील, येईल परत म्हणून.

बेंजोवाला
हो हो. पोरं हेच म्हणायची, मागच्या वेळी आलं ना.

चिंचगूळ
भाजी टाकता टाकता लिहितेय. १७ पैकी १४ गेले ब्लूटूथने, मग फोन मेला. शेळीचा आधी काढला होता. नणंदेला पाठवला. तिचा आवाजी निरोप आला, सव्वा मिनिटाचा, त्यात एक मिनिट नुसती हसतेय. मग म्हणाली, "ती शेळी इकली वो वैनी तवाच. लई गुणाची हुती." बाकीचे पाठवा म्हणाली, पण परकर दिसतोय तो नको.

लाजरी
आणि स्टेटसचं बोललात का?

चिंचगूळ
नाही हो.

गोदाकाठ
फोन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, पेट घेतो. मातीच्या भांड्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि ई-कचरावाल्याकडे द्या.

चिंचगूळ
पणत्यांच्याच डब्यात ठेवलाय वाळू घालून. तीन व्हिडिओ आहेत अजून त्यात. दुकानदार बॅटरी बदलून देईल ना?