ए-बी विंग ग्रुप : गेटवरच्या लॅब्रेडॉरचं काय करायचं?

सेक्रेटरी (ए-१०२): लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपासून गेटजवळ एक पिवळा लॅब्रेडॉर बसून आहे. आपल्यापैकी कुणाचा आहे का? वॉचमन विचारतोय.

ए-६०१ काका: कुणाचा नाही. महापालिकेची गाडी बोलवा, घेऊन जातील. विषय संपला.

बी-२०३ मृण्मयी: काका, संपत नाही. पालिकेची केंद्रं मुख्यतः नसबंदी आणि रेबीजच्या लशीसाठी असतात, सांभाळायला नाही. २०२३ च्या एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या) नियमांप्रमाणे रस्त्यावरचा कुत्रा बरा झाला की कानाला खाच पाडून जिथून उचलला तिथेच सोडायचा. म्हणजे हा पुन्हा आपल्याच गेटवर. आणि घरात वाढलेल्या लॅबला रस्त्यावर जगता येत नाही हो.

ए-६०१ काका: सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं ना, सगळी उचलून शेल्टरमध्ये ठेवा?

बी-२०३ मृण्मयी: ते ११ ऑगस्ट २०२५ चं, दिल्ली परिसरापुरतं. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला. रेबीजची आणि आक्रमक सोडून बाकीची त्याच भागात परत. दत्तक घ्यायचा तर पालिकेकडे अर्ज करा, पण मग तो पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असंही म्हटलंय.

ए-४०५ आजोबा: या मुंबईत १८३२ साली कुत्री मारायच्या सरकारी हुकमावरून पारशी मंडळींनी दंगल केली होती. जपून बोला 😄 परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात, चौकशी करा की.

बी-७०४ निखिल: उद्या टाकी साफ करणार आहेत, १० ते १ पाणी नाही. सॉरी, मध्येच टाकतोय.

बी-५०१ स्नेहाताई: मृण्मयी, तू सुट्टीच्या दिवशी शेल्टरला जातेस ना? तिकडेच सोडून येऊ या का?

बी-२०३ मृण्मयी: ताई, तिथे काय होतं ते जरा सविस्तर सांगते. नवीन प्राणी आला की आधी वेगळा ठेवतात. पार्व्हो किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार) अंगात असला तर लक्षणं दिसायला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात, आणि पार्व्होचा विषाणू फरशीवर कितीतरी महिने टिकतो. असा एक कुत्रा थेट आत गेला तर लस न झालेली पिल्लं पटापट दगावतात. मग गोचीड काढायचे, जंताचं औषध, रक्ताची तपासणी. गोचीडतापात कुत्रा वरून धडधाकट दिसू शकतो आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स घसरलेल्या असतात. मानेपाशी स्कॅनर फिरवून कातडीखालची ओळखीची चिप बघतात, आपल्याकडे क्वचितच सापडते. लसी, नसबंदी. आणि या सगळ्याबरोबर पहिल्या दिवसापासून मालकाचा शोध, कारण दिवाळीत आलेला पाळीव कुत्रा टाकलेलाच असेल असं नाही, फटाक्यांना घाबरून पळालेलाही असतो.

इथवर ठीक. पण सोफ्यावर झोपणारा कुत्रा इतक्या भुंकणाऱ्यांमध्ये नेऊन बांधला की बिथरतो. काही जण जेवण सोडतात, काही भिंतीकडे तोंड करून बसतात. मग बघायला आलेल्या कुटुंबाला तो आजारी वाटतो, ते दुसरा बघतात. म्हणून शेल्टरवाले आधी विचारतात, थोडे दिवस तुमच्याकडे ठेवता येईल का? लोकांना वाटतं, जबाबदारी टाळतायत.

ए-३०३: माझ्या मेहुण्याला लॅब हवाच आहे. मेल आहे ना? नसबंदी झालेली नसेल तर आजच घेऊन जाईल.

बी-२०३ मृण्मयी: हा प्रश्न आला की शेल्टरवाले फॉर्म परत ठेवून देतात. ब्रीडिंगसाठी फुकटात नर मिळवायची ही जुनी वाट आहे. म्हणून चांगलं शेल्टर नसबंदी केल्याशिवाय मोठा कुत्रा देत नाही.

ए-३०३: अहो, त्याने सहज विचारलं होतं.

बी-५०१ स्नेहाताई: आणि आम्ही घेतला तर? लेक मागे लागलाय.

बी-२०३ मृण्मयी: घरातल्या सगळ्यांशी बोलतात, एकट्या लेकाशी नाही. घर बघून जातात, गॅलरीला जाळी आहे का, दिवसभर घरी कोण, भाड्याचं घर असेल तर मालकाला चालतंय का. नंतर फोटो मागतात. नाही जमलं तर परत शेल्टरलाच द्यायचा, परस्पर कुणाला नाही, असं लिहून घेतात. नाहीतर तीन घरं फिरून तो पुन्हा रस्त्यावर. पण ताई, लॅब बघून भुलू नका. पिल्लं आणि ब्रीडवाले लवकर जातात, मोठी देशी कुत्री तिथेच म्हातारी होतात. तुम्ही रविवारी येऊन एकदा बघाच.

ए-६०१ काका: आणि मालकानेच आणून सोडला असेल तर? पोलिसात द्या त्याला.

बी-२०३ मृण्मयी: द्यायलाच हवी तक्रार. फक्त प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये.

ए-४०५ आजोबा: यात दोन तास पार्किंगसुद्धा मिळत नाही.

ए-१०६ वहिनी: ते सगळं खरं, पण वॉचमनच्या हाताला त्याचं नख लागलंय. त्याचं काय?

बी-२०३ मृण्मयी: अय्यो, आत्ता कळतंय! वहिनी, हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायला सांगा आणि आजच पालिकेच्या दवाखान्यात पाठवा, लस घ्यायलाच हवी. कुत्रा शांत आहे म्हणून थांबायचं नाही. कुत्र्यावरही १० दिवस लक्ष ठेवायचं, म्हणून तर त्याला हाकलू नका.

सेक्रेटरी (ए-१०२): पाठवतो लगेच. तोपर्यंत कुत्रा मीटर रूमशेजारच्या मोकळ्या खोलीत ठेवू. मुलांनी तिकडे जायचं नाही. फोटो आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकू का?

बी-२०३ मृण्मयी: टाका, पण पट्ट्याचा रंग आणि पोटावरचा डाग लिहू नका, फोटोतही दिसू देऊ नका. 'माझाच आहे' म्हणणाऱ्याला तेच विचारायचं. वर लशीचं कार्ड किंवा जुने फोटो. उद्या चिप बघायला आणि रक्त तपासायला डॉक्टरांकडे न्यायचाय, गाडी कुणाची?

बी-७०४ निखिल: माझी घ्या. सीटवर घालायला चादर मात्र तुमची.