डेटोना बीच: फेब्रुवारीत जावं का?
फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या डेटोना बीचला जावं का आणि पुढे तिथे घर घ्यावं का, असं विचारलंय. रेस बघायची नसेल तर फेब्रुवारी टाळाच. डेटोना ५०० या मोटार शर्यतीच्या दिवसांत हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. जरा उसंत मिळते न मिळते तोच मार्चात बाइक वीक, म्हणजे मोटारसायकलवाल्यांचा मेळावा, मग नुसती धडधड.

एरवी स्पीडवेची, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकची, टूर मात्र चुकवू नका. वळणांचा ३१ अंशांचा उतार टीव्हीवर कळतच नाही. खाली उभं राहिलं की समोर भिंतच.

ठरावीक पट्ट्यात पैसे भरून वाळूवर गाडी आजही नेता येते, वेगमर्यादा ताशी १० मैल. १९५९ मध्ये स्पीडवे सुरू होण्याआधी शर्यती याच घट्ट वाळूवर व्हायच्या. (नंतर गाडी खालून धुवा, खारं पाणी पत्रा खातं. भाड्याची असेल तर करार आधी वाचा.)

घराचं म्हणाल तर ऑर्लँडो तासाभरावर, ते ठीक. पण किनाऱ्यालगत घेण्याआधी विम्याचा आकडा काढा. २०२२ च्या निकोल वादळात जवळच्या विल्बर-बाय-द-सीमधली घरं खालची वाळू वाहून गेल्याने कोसळली होती. मी तरी हॅलिफॅक्स नदी ओलांडून, काठापासून लांब पश्चिमेलाच बघेन.